नारळाला शेंगदाण्यांचं उत्तर

आपल्याकडे माणसाला कामावरून काढलं की त्याला नारळ दिला म्हणतात. मे २००७ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीनं ‘जेरिको’ नावाच्या मालिकेला असाच नारळ दिला, आणि प्रेक्षकांनी उलट टपाली वाहिनीला शेंगदाणे दिले. सुमारे वीस टन. अमेरिकन टन आपल्या टनापेक्षा अंगानं किरकोळ, ९०७ किलोचा, तरी हिशेब १८१ क्विंटलांवर जातो. ५० किलोचं पोतं धरलं तर ३६२ पोती आणि वर ४० किलो सुटे. एवढा माल एखाद्या मार्केट यार्डात उतरला असता तर हमालांखेरीज कुणी मान वर केली नसती. पण तो उतरला वाहिनीच्या कचेरीत, जिथे शेंगदाण्याचा संबंध फार तर संध्याकाळच्या पेल्याबरोबर यायचा.

आवडती मालिका अर्ध्यावर बंद पडणं हे दुःख असं आहे की ते धड कुणाला सांगता येत नाही. सुतक नाही, तेरावं नाही, भेटायला कुणी येत नाही. ऑफिसात तोंड पाडून बसावं आणि कारण विचारल्यावर ‘मालिका बंद झाली’ म्हणावं, तर समोरचा चहा घ्यायला निघून जातो. मराठी माणसाला तर हे दुःख कळणंही अवघड, कारण आपल्याकडे मालिका वाचवायची नसते, मालिकेपासून वाचायचं असतं. अमेरिकेत मात्र मालिका तारुण्यातच जाते, आणि मागे राहिलेल्यांना हातपाय हलवावे लागतात. ते कसे हलवायचे, याचं एक रीतसर शास्त्र तयार झालं आहे. माझ्या मते त्याचा पाठ्यक्रम ‘जेरिको’पासूनच सुरू करावा, कारण त्यात विजय आणि फजिती एकाच पुड्यात बांधून मिळते.

आधी मालिका का गेली ते बघू. सप्टेंबर २००६ मध्ये, बुधवारी रात्री आठला सुरू झाली. अमेरिकेच्या २३ शहरांवर अणुबॉम्ब पडतात आणि कॅन्सस राज्यातलं एक छोटं गाव जगापासून तुटतं, ही कथा. पहिल्या भागाला एक कोटीच्या वर प्रेक्षक. सगळं सुरळीत. मग वाहिनीनं अकरा भागांनंतर नोव्हेंबरच्या शेवटी मालिकेला सुट्टी दिली ती थेट फेब्रुवारीपर्यंत. दर भागात नवं प्रकरण निकालात काढणाऱ्या पोलिसी मालिकेला अशी सुट्टी चालते. धागेदोरे गुंतलेल्या कथेला नाही चालत. अडीच महिन्यांत लोक विसरले की कोण कुणाचा भाऊ आणि बॉम्बबद्दल कुणाला आधीपासून माहीत होतं. परत आली तेव्हा समोर दुसऱ्या वाहिनीवर ‘अमेरिकन आयडॉल’ हे गाण्याच्या स्पर्धेचं प्रकरण उभं. त्या काळात त्याच्यासमोर मालिका लावणं म्हणजे विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर भजी तळायला बसण्यासारखं नाही, तिथे भजी तरी खपतात.

दुसरं कारण जास्त खोल आहे. वाहिनी मालिका विकत नाही. ती प्रेक्षक विकते, जाहिरातदाराला, आणि मोजून विकते. मोजणारी कंपनी निल्सन. अमेरिकेत तेव्हा टीव्ही असलेली घरं अकरा कोटींच्या वर, आणि मोजणीचं यंत्र बसवलेली घरं दहा-बारा हजार. म्हणजे एक घर जवळपास दहा हजार घरांच्या वतीनं रिमोट दाबणार. तुमच्या घरी ते खोकं नसेल तर तुम्ही मालिका बघितलीत काय, टीव्हीला हार घातलात काय, आकड्यात दोन्हीची नोंद सारखीच. त्यात ‘जेरिको’चा प्रेक्षक पडला हुशार. तो कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, जाहिराती पळवत नंतर बघायचा, किंवा संगणकावर बघायचा. त्या वर्षी जाहिरातदार पैसे मोजत होते ते मुख्यतः त्याच वेळी बघणाऱ्यांचे. मालिकेवर एवढा जीव, आणि ती चालू असताना माणूस दुसरंच काही करतोय. हे लक्षात ठेवा, पुढे याच दगडाची पुन्हा ठेच लागायची आहे.

आता मोहिमेचं वेळापत्रक. मे महिन्याच्या मध्यावर वाहिन्या न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांना बोलावून नव्या वर्षाच्या मालिका दाखवतात. नारळ त्याच्या आगेमागे फुटतात. कलाकारांना पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवणारे करार साधारणपणे ३० जूनला संपतात. त्यानंतर नायक दुसरीकडे सही करून मोकळा. सेटचं तर त्याहून वाईट. सेट ठेवायचा म्हणजे स्टुडिओचं भाडं, म्हणून तो मोडून टाकायची घाई असते, आणि एकदा मोडला की गाव पुन्हा वसवायचा खर्च पहिल्या भागाएवढा. तेव्हा हातात असतात सहा आठवडे. त्यातला पहिला आठवडा रडण्यात आणि दुसरा ‘आपला पुढारी कोण’ या वादात गेला की उरले चार. ‘जेरिको’वाल्यांनी सगळं काम तीन आठवड्यांत उरकलं, यावरून त्यांच्यात पुढारी किती कमी असतील याचा अंदाज यावा.

मग वस्तूची निवड. मोहिमा इथेच तरतात नाहीतर बुडतात. नुसता अर्ज पाठवून काही होत नाही. ऑनलाईन सहीला काही खर्च येत नाही, आणि हे वाहिनीलाही माहीत असतं. वस्तू हवी. ती स्वस्त हवी, टिकाऊ हवी, टपालात न फुटणारी हवी, आणि मुख्य म्हणजे पाकीट फोडणाऱ्यानं ‘हे काय?’ म्हणून विचारलंच पाहिजे अशी हवी. ‘रॉसवेल’ मालिकेतले परग्रहवासी जेवणावर तिखट टबॅस्को सॉस ओतायचे, म्हणून २००० मध्ये चाहत्यांनी वाहिनीला त्या सॉसच्या हजारो बाटल्या पाठवल्या. कल्पना झकास, पण काचेची बाटली टपालात म्हणजे प्रत्येक पार्सलला चिंध्यांचं बाळंतपण. ‘व्हेरॉनिका मार्स’वाल्यांनी नावाला जागून मार्स चॉकलेटं पाठवली. नायिकेचं आडनाव उन्हाळ्याच्या तोंडावर वितळणारं असलं की मोहिमेचं अर्धं बळ बर्फात जातं.

‘जेरिको’ला वस्तू शेवटच्या भागानंच हातात दिली. शेजारचं गाव चाल करून येतं, शरण या म्हणतं, आणि नायक जेक ग्रीन एका शब्दात उत्तर देतो: ‘नट्स’, शब्दशः बदाम-शेंगदाण्यासारखे दाणे. हा शब्द उसना आहे. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधल्या बॅस्टोन गावात जर्मनांनी वेढलेल्या अमेरिकन तुकडीचे सेनानी मॅकॉलिफ यांनी शरणागतीच्या पत्राला लेखी उत्तर धाडलं होतं, तेही एवढंच. जर्मन अधिकाऱ्यांना अर्थ लागेना, तेव्हा त्यांना तो फोड करून सांगावा लागला. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचं म्हणजे ‘गेलात उडत’. आता हाच निरोप मराठी चाहत्यांना दिला असता, की वाहिनीला नट पाठवा, तर निम्मे लोक हार्डवेअरच्या दुकानात गेले असते आणि उरलेल्यांनी आपले भाचे पाठवले असते. अमेरिकनांना शेंगदाणे आठवले, हे वाहिनीचं भाग्य.

शेंगदाणा या कामाला आदर्श आहे. फुटत नाही, वितळत नाही, आठवडाभर टपालात राहिला तरी खवट होत नाही. एकच अडचण, घरून शंभर ग्रॅमचं पाकीट पाठवावं तर टपालखर्च दाण्यांहून जड. त्यावर तोड निघाली न्यू जर्सीतल्या एका सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्याकडून. न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे, वाहतूक फुकटात पडल्यासारखी. चाहत्यानं इंटरनेटवरून जमतील तेवढे डॉलर भरायचे, व्यापाऱ्यानं सगळ्यांचे मिळून ठोक दाणे वाहिनीकडे धाडायचे, आणि आजवर किती वजन गेलं याचा आकडा आपल्या संकेतस्थळावर चढता ठेवायचा. या आकड्यानं खरं काम केलं. पत्रकाराला ‘चाहते नाराज’ ही बातमी वाटत नाही. ‘आज आणखी एक टन’ ही बातमी असते, आणि उद्या तिची पुढची बातमी तयार असते. वाहिनीत दाणे कुणी खाल्ले की नाही हा प्रश्न गौण. वर्तमानपत्रांनी रोज फक्की मारली.

या प्रकारात काही पथ्यं मात्र कडक आहेत. पुडीवरची पूड टाळायची. २००१ मध्ये वाहिन्यांच्या कचेऱ्यांत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पूड भरलेली पाकिटं आली होती, तेव्हापासून तिथल्या टपालखोलीत भुरभुरणारं काही दिसलं की माणसं बाहेर काढतात. म्हणजे मसाला शेंगदाणे बाद, दाण्याचं कूट तर नावच काढू नका. पाकीट सीलबंदच हवं, कारण अमेरिकेत शेंगदाण्याच्या ॲलर्जीची माणसं असतात आणि टपाल फोडणारा बिचारा त्यांतला निघाला तर मोहिमेची बातमी भलत्याच पानावर येते. सोबत चिठ्ठी हवी. चिठ्ठीत नायकाचे डोळे किती बोलके आहेत ते लिहू नये, आपण कोणती गाडी वापरतो आणि कोणता साबण घेतो ते लिहावं. वय जरूर लिहावं, १८ ते ४९ च्या मध्ये असेल तर. जाहिरातदार तेव्हा मुख्यतः त्याच वयोगटाचे दाम मोजायचा. पन्नाशी उलटली असेल तर वयाबद्दल मौन पाळून फक्त दाणे पाठवावेत.

चिठ्ठीचं तंत्र जुनं आहे. १९६७-६८ च्या हिवाळ्यात ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार अशी कुणकुण लागल्यावर बिजो आणि जॉन ट्रिम्बल या जोडप्यानं पत्रांची मोहीम उभारली. छापील नमुना नको, एकगठ्ठा सह्या नकोत, प्रत्येकानं आपलं वेगळं पत्र लिहावं आणि आणखी दहा जणांना लिहायला लावावं. ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीवर लाखाच्या वर पत्रं कोसळली. शेवटी १ मार्च १९६८ ला वाहिनीनं पडद्यावरच जाहीर केलं की मालिका चालू राहील, कृपा करून पत्रं थांबवा. लोक सभ्य. त्यांनी आभाराची पत्रं पाठवली. वाहिनीनं मालिकेला जागा दिली शुक्रवारी रात्री दहाची, जेव्हा तिचा प्रेक्षक, म्हणजे तरुण पोरं, नेमकी घराबाहेर असायची. वर्षभरात खेळ खलास. वाहिनी मालिका वाचवते तेव्हा ती कुठल्या वारी वाचवली हे बघून मग पेढे वाटावेत.

दाण्यांपेक्षा चलाख तोड निघाली ती २००९ मध्ये ‘चक’साठी. चाहते म्हणाले, वाहिनीला खाऊ का पाठवायचा, आपणच खाऊ. एनबीसीच्या या मालिकेत ‘सबवे’ या दुकानसाखळीच्या सँडविचची जाहिरात कथेतच पेरलेली असायची. पर्वाच्या शेवटच्या भागाच्या दिवशी, २७ एप्रिलला, सगळ्यांनी जवळच्या सबवेत जाऊन पाच डॉलरचं फूटभर सँडविच घ्यायचं आणि अभिप्रायपेटीत चिठ्ठी टाकायची, की हे मी ‘चक’मुळे घेतलं. जाहिरातदाराच्या गल्ल्यात थेट पैसे! एनबीसीनं १३ भाग मंजूर केले आणि सबवे पुढच्या पर्वाला पुरस्कर्ता म्हणून आलं. मालिका एकूण पाच पर्वं चालली. मोहीम म्हणून ही सर्वांत शहाणी, पण लेखकाच्या दृष्टीनं तिच्यात मजा कमी. सँडविचची पोती होत नाहीत.

तर ‘जेरिको’. ६ जून २००७ ला वाहिनीच्या मनोरंजन विभागाच्या प्रमुख नीना टॅसलर यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहिलं. सात भाग देतो, म्हणाल्या. मात्र प्रेक्षक वाढले पाहिजेत, आणि ते जमवायची जबाबदारी तुमचीही. खाली ताजा कलम: आता दाणे पाठवू नका. जमलेले दाणे दानधर्मात गेले. पत्रातला ताजा कलम सगळ्या जगानं वाचला, हसलं, छापला. अट वाचायची राहिली.

नवं पर्व फेब्रुवारी २००८ मध्ये लागलं, मंगळवारी रात्री दहाला. त्या हिवाळ्यात लेखकांचा संप झालेला, वाहिन्यांचं फडताळ रिकामं, आणि ‘जेरिको’चे सातही भाग तयार. मैदान असं मोकळं पुन्हा मिळणार नव्हतं. पण दाणे विकत घेऊन पाठवणं आणि मंगळवारी रात्री दहा वाजता जाहिरातींसकट टीव्हीपुढे बसणं, यात पहिलं फार सोपं. कार्ड काढलं, वीस डॉलर भरले, क्रांती झाली. दुसऱ्यासाठी सात आठवडे जागरण, आणि तेही मोजणीचं खोकं असलेल्या घरात. बघणारे पर्वाअखेर साठ लाखांवर आले. बाकीच्यांनी रेकॉर्ड करून ठेवलं असणार.

वाहिनी या खेपेला तयारीत होती. शेवटच्या भागाचे दोन शेवट चित्रित करून ठेवले होते, एक मालिका चालली तर लावायचा, एक गेली तर. लग्नघरी मांडववाल्याकडूनच तिरडीचे बांबूही बुक करून ठेवावेत तसं. मार्चमध्ये गेलेल्याचा शेवट लागला. दुसरा नंतर डीव्हीडीवर मिळाला. आणि तिसरं पर्व पुढे छापील चित्रकथा म्हणून आलं. त्यात सोय अशी की ते कधीही वाचलं तरी चालतं, मंगळवारी रात्री दहालाच असं नाही. वाचताना शेंगदाणे घेऊन बसणार असाल तर टरफलांसाठी वाटी जवळ ठेवा, पानांत अडकली की निघत नाहीत.