बैठकीचा हिशेब

परवाच्या रविवारी आमच्या घरी गाण्याची बैठक झाली. सोफा शेजारच्यांकडे हलवला, सतरंज्या अंथरल्या, एक्केचाळीस माणसं दाटीवाटीनं बसली. गाणारी मुलगी तिशीतली, कोल्हापूरहून आलेली. साथीला तबला आणि पेटी, मागे तंबोऱ्यांवर तिच्याच दोन विद्यार्थिनी. पूरियाकल्याण राग सव्वा तास चालला. मग एक छोटी बंदिश, एक नाट्यपद आणि भैरवी.

सगळे गेल्यावर मी वही घेऊन बसले. सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे, हिशेब लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दाराशी ठेवलेल्या डब्यात 9,350 रुपये जमले होते. आम्ही घरचे घालून 15,000 केले. तबल्याला 4,000, पेटीला 3,000, तंबोऱ्याच्या मुलींना 500-500, चहा-उपमा 1,400. गाणारीच्या पाकिटात उरले 5,600. तिनं ते न उघडता पर्समध्ये ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि 'ताई, तंबोरे फार छान लागले होते,' म्हणाली. गाडीचं पेट्रोल तिचंच.

डब्यातले माणशी 228 रुपये. ज्यांनी ते टाकले त्यांना मी दोष देत नाही. 'ऐच्छिक' हा शब्द डब्यावर मीच लिहिला होता.

1966 साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या नाटक कंपन्या आणि ऑर्केस्ट्रांचे हिशेब तपासले. त्यांना दिसलं ते थोडक्यात असं. कारखान्यात यंत्र येतं, तासाला दहाऐवजी शंभर नग निघतात, कामगाराची मजुरी वाढवणं परवडतं. पण चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार माणसांनी जेवढ्या वेळात वाजवली, तेवढीच माणसं आणि तेवढाच वेळ आजही लागतो. घरभाडं, भाजी, मुलांची फी मात्र कारखान्याच्या जगाबरोबर वाढत जाते. म्हणून ही कला कुणी चुकलं नाही तरी दरवर्षी थोडी अधिक महाग पडत जाते. याला 'बॉमोलचा खर्चरोग' म्हणतात. वर्गात हे शिकवताना मी शिक्षक आणि नर्सचं उदाहरण देते. रविवारी ते माझ्या हॉलमध्ये तंबोरा मांडीशी घेऊन बसलं होतं.

मग वेळ वाचवावा का? इथे मला मानसशास्त्राकडे वळावं लागतं.

तिनं विलंबित एकताल इतका संथ ठेवला होता की बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जवळजवळ पन्नास सेकंदांचं होत होतं. माझ्या शेजारी यांच्या ऑफिसमधले एक गृहस्थ होते, आयुष्यात पहिल्यांदा बैठकीला आलेले. सुरुवातीला ते सारखी मांडी बदलत होते. सातव्या-आठव्या आवर्तनाला मी पाहिलं तर मुखडा, म्हणजे बंदिशीची परतून येणारी ओळ, उचलल्याबरोबर त्यांचा श्वास थांबला आणि समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान आपोआप खाली आली. ताल त्यांना मोजता येत नव्हता. त्यांच्या मनानं तो मोजून ठेवला होता.

संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते, असं संगीताचे अभ्यासक लेनर्ड मेयर यांनी 1956 मध्ये मांडलं. पुढचा सूर कुठला येणार याचा मन अंदाज बांधत असतं. तो लांबतो, हुलकावणी देतो, शेवटी येतो, आणि त्या ताणण्यातच रस असतो. 2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी लोकांना त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवत मेंदूचं चित्रण केलं. अत्युच्च क्षणी डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं हे तर दिसलंच, पण त्या क्षणाची वाट पाहतानाही ते स्रवतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. त्यांचं संगीत पाश्चात्त्य होतं. पण समेची वाट पाहत बसलेली एक्केचाळीस माणसं मी समोर पाहत होते, मला ते वाचून नवल वाटलं नाही.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. गाणं मनात उतरायला जो वेळ लागतो, तोच वेळ त्याला महाग करतो. पन्नास सेकंदांचं आवर्तन वीस सेकंदांवर आणलं की खर्च कमी होईल, पण वाट पाहणंही जाईल. मग ऐकायला उरेल काय? 1902 मध्ये भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा गायकांना तीनेक मिनिटांत राग बसवावा लागला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत अमृत भरून ठेवलंय, ते ऐकताना आजही माझे डोळे भरतात. तरी ते अत्तर आहे. बाग वेगळी.

हा वेळ विकत कोण घेतं, हा प्रश्न जुना आहे. कोल्हापुरात शाहू महाराज होते म्हणून गायक अल्लादिया खाँसाहेब तिथे स्थिरावले. 1922 मध्ये महाराज गेले आणि पुढे खाँसाहेबांना मुंबई गाठावी लागली. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी राजाश्रयाचा हा धोका आधीच ओळखला होता. मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकलेला हा माणूस लाहोरला गेला आणि 5 मे 1901 रोजी लोकांच्या वर्गणीवर गांधर्व महाविद्यालय उघडलं. तिकीट लावून गायले. पुढे मुंबईत शाळेची इमारत उभारताना कर्ज झालं आणि अखेर ती इमारत लिलावात गेली. 1931 मध्ये मिरजेतच त्यांनी देह ठेवला. आज गावोगावच्या मुली पेटी घेऊन परीक्षेला बसतात त्या वाटेचा आरंभ त्यांचा, आणि त्यांनाच हिशेब जुळवता आला नाही. हे आठवलं की माझ्या पोटात कालवतं. नंतर आकाशवाणी आली, तिनं कित्येक कलाकारांना महिन्याचा पगार दिला, एवढं तिचं ऋण मोठं आहे.

आणि आता? परवा गायलेल्या मुलीचं घर चालतं ते पहाटे साडेपाचला अमेरिकेतल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवून. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. त्या मुलांसाठी मला आनंदच आहे, इतक्या लांब राहून ती भूप शिकतायत. पण पहाटेची ती वेळ खर्जाच्या, म्हणजे अगदी खालच्या सुरांच्या, रियाजाची. एक घेताना जे सोडावं लागतं त्याला आम्ही संधी खर्च म्हणतो. ती सोडते आहे तो खर्ज, आणि दहा वर्षांनी आपण ऐकू त्या गाण्यात तो नसेल.

'शास्त्रीय संगीत ही सेवा आहे, पैशाचं काय बोलता' असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे कलाकार हजेरी लावतात, त्याचा दाखला दिला जातो. मी लहानपणापासून तिथे जाते. ती हजेरी कलाकारानं आपल्या मनानं खाँसाहेबांच्या पायाशी वाहिलेली असते. ती त्यानं वाहायची, आपण मागायची नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. भैरवीच्या आधी सात जण उठले. दुसऱ्या दिवशी ऑफिस, मला कळतं. पण 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना थंडगार पाण्यात हात धरायला लावला, एकदा साठ सेकंद, एकदा साठ अधिक तीस, पण त्या जादा तीस सेकंदांत पाण्याचा गारठा किंचित कमी होत जाणारा. पुन्हा कुठला प्रकार कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला. आठवण बरीचशी शेवटावर ठरते. आपल्याकडे मैफल भैरवीनं संपवायची पद्धत कुणी घातली ठाऊक नाही, पण त्या माणसाला मन कळत होतं. त्या सात जणांनी बैठक ऐकली, पण घरी घेऊन जायची ती गोष्ट आमच्या सतरंजीवरच राहिली.

येत्या शनिवारी मी आईचा तंबोरा घेऊन मिरजेला जाणार आहे. जवारी काढायची आहे, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद पुन्हा जुळवून घ्यायचा आहे. सतारमेकर गल्लीतले काका घोडी कानशीनं घासतात, दोरा सरकवतात, तार छेडून ऐकतात, परत घासतात. किती वेळ लागेल विचारलं की म्हणतात, 'बोलायला लागला की झालं.' मागच्या वेळी पाऊण दिवस गेला. मजुरी त्यांनी सांगितली त्याच्या दीडपट मी ठेवून येणार आहे, आधीच ठरवलंय.

पुढची बैठक महिनाभरानं, आमच्याच घरी. डब्यावर आता 'ऐच्छिक' लिहिणार नाही. माणशी 500 रुपये, विद्यार्थ्यांना 100, ज्यांना खरंच जमत नसेल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगावं, त्यांची जागा राखलेली असेल. पेटीवाल्यांना आणि तबलजींना आधी, गाणारीला त्याच्या दुप्पट, कमी पडलं तर आम्ही घालू. भैरवी साधारण साडेनऊला होईल. तोवर बसता येणार असेल त्यांनी खाली नाव लिहा.