दुबईचा उतार

आठ ग्लास दुधाचे पैसे आज सकाळी मी भरले. पैज हरलो म्हणून. आणि बरोबर मीच होतो, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. नको, विचारू नका.

लेकीनं दुबईचं तिकीट पाठवलंय. त्याचा कागद खिशात घालून मी गंगावेशीत दुधाला गेलो. (कागद कशाला नेला? मिरवायला. दुसरं काय.) म्हशीच्या धारेखालचा फेसाळ ग्लास तोंडाला लावणार, तोच आण्णांनी कागद ओढून घेतला. आण्णा म्हणजे एके काळचे पैलवान. कान मोडलेले, आवाज शाबूत.

"मुंबईत चारला सुटतंय, दुबईत पाच पन्नासला टेकतंय. म्हंजे दोन तासालाबी धा मिनिटं कमी!"

"आण्णा, तीन तास वीस मिनिटं. दुबईचं घड्याळ दीड तास मागं असतं."

"मागं आसंल तर दुरुस्त करून घ्यावं की त्येनी."

एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. आपली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, त्यांची साठची, अंशाला चार मिनिटं, झाले नव्वद. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि परतीची ओळ काढली. "रात्री धाला सुटून अडीचला मुंबई. साडेचार तास! जाताना दोन तासालाबी कमी, येताना साडेचार. मास्तर, चढ हाय ह्यो."

"हवेत कसला चढ?"

"करूळ घाटानं वैभववाडीला जाताना उतार का चढ?"

"उतार."

"वैभववाडी कुठं? पश्चिमेला. दुबई कुठं?"

कट्ट्यावर "व्हय की!" झालं. खरं तर उलट आहे हो. वारा पश्चिमेकडून, म्हणून जाताना तो तोंडावर येतो आणि वीस मिनिटं जास्त लागतात. येताना तीनच तास. हे सांगितलं तर आण्णा म्हणाले, "आता वारं काढलं मास्तरनी." तिकिटावर तास छापलेत, ते दाखवले. "कंपनी काय बी छापंल. घड्याळ खोटं बोलत न्हाई." पंच कोण, तर दूधवाला. ज्याचं दूध खपणार तो! त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारून निकाल दिला.

एवढं घाटाचं शास्त्र कुणी आमच्या हायवेला लावत नाही. मुंबई-दुबई साधारण 1,930 किलोमीटर, तीन तास वीस मिनिटं. कोल्हापूर-मुंबई जेमतेम 380, आणि रुंदीकरणाच्या कृपेनं मागच्या खेपेला रात्रीच्या बसनं अकरा तास घेतले. उजळाईवाडीला विमानतळ आहे, 1939 पासूनचा, पण तिथल्या विमानाची वेळ माझ्या विमानाशी जुळत नाही. म्हणजे चार वाजताचं दुबईचं विमान गाठायला मी आदल्या रात्रीच कावळा नाक्यावर बॅग घेऊन उभा. पासष्टाव्या वर्षी. त्यावर लावा म्हणावं पैज.

घरी परतताना शिवाजी पुलावर जाऊन थांबलो, डोकं निवावं म्हणून. खाली पंचगंगा निवांत पूर्वेला चाललेली. पूर्वेला! म्हणजे उतार पूर्वेला! हे मला तिथं का सुचलं नाही? मागे फिरलोसुद्धा, पण आण्णा म्हणणार, "मग नदी चढत आसंल," आणि दूधवाला पुन्हा म्हशीवर थाप मारणार. आणखी आठ ग्लास.

दारातच हिनं विचारलं, "दूध कुठंय?"