बॉक्स खोलण्याआधी: उदगीरच्या वाचकांना उत्तर

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअर नीट पडेनासे झाले तर गिअरबॉक्स (म्हणजे 'बॉक्स') उतरवण्याआधी तेल, वायरिंग आणि सेन्सर बघून घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर उदगीरच्या एका वाचकांनी लांबलचक आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "हे पुण्या-मुंबईचं ज्ञान झालं. इकडे ऑटोमॅटिक कळणारा मिस्त्री मिळत नाही, स्कॅनर मिळत नाही. बॉक्स खोलल्याशिवाय रोग कळत नाही. तुमचं वाचून लोक तेलच बघत बसतील आणि तोवर क्लच प्लेटा जळून जातील. माझ्या साडूची गाडी घसरत होती, म्हणजे इंजिन रेस व्हायचं पण वेग वाढायचा नाही; गिअर ऑइल बदललं आणि आठवड्यात गाडी जागेवर बसली. भाच्याच्या ऑटोमॅटिकला तर तेल मोजायची पट्टीच नाही. माझी २०१० ची आय-टेन मांजरसुंब्याचा घाट चढून गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका देते. मी सरळ मॅन्युअल बॉक्स टाकणार आहे."

दादा, जाणकार मिस्त्री मिळत नाहीत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आणि नेमकं त्याचसाठी मी बॉक्स खोलणं सगळ्यात शेवटी ठेवतो. ऑटोमॅटिकच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर टाकणाऱ्या भागात, बारीक स्प्रिंगा, सरकते व्हॉल्व्ह आणि स्टीलच्या छोट्या गोळ्या असतात. यातली एक गोळी चुकीच्या खाचेत बसली किंवा धुळीचा कण व्हॉल्व्हच्या वाटेत अडकला, तर चांगला बॉक्ससुद्धा कामातून जातो. ज्या गावात हे काम रोज करणारा हात नाही, तिथं ते सगळ्यात आधी करायला सांगणं मला पटत नाही. पट्टी काढून तेल बघायला, बॅटरीची अर्थिंग घासायला, सेन्सरचा प्लग काढून बघायला मात्र मोठ्या शहरातला तज्ज्ञ लागत नाही.

परभणीत माझ्या आत्येबहिणीची जुनी ऑटोमॅटिक आहे. पोलिओमुळे तिच्या डाव्या पायात ताकद नाही, त्यामुळे क्लचची गाडी तिच्या उपयोगाची नाही. एक दिवस गाडी जागेवरून उचलेना, वेग धरला की बरी चालायची, पण पुढचा गिअर काही पडेना. गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, "बॉक्स गेला." मी बघितलं तेव्हा तेल लाल आणि स्वच्छ होतं, जळका वास नव्हता. रिव्हर्स एका झटक्यात पडत होता. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी सावकाश, पण न घसरता पुढं जायची. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला, तेव्हा गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरच्या प्लगमध्ये एक पिन हिरवी पडलेली दिसली. प्लग स्प्रेनं धुतला, पिन घासून घट्ट केली, गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला. गिअर पडायला लागले. बॉक्सच्या एका बोल्टलाही पाना लावावा लागला नाही.

असं का होतं, ते समजून घेतलं तर निम्मी भीती जाते. गाडीच्या कॉम्प्युटरला सेन्सरचा भरवसा वाटेनासा झाला की तो सोलेनॉइडचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विजेच्या कॉइलचा, करंट बंद करतो. करंट गेला की व्हॉल्व्ह आपापल्या स्प्रिंगच्या जोरावर ठरलेल्या जागी जातात आणि पुढं जायला एकच गिअर उरतो. तुमच्या गाडीसारख्या ह्युंदाईच्या चार-गिअरी बॉक्समध्ये तो तिसरा असतो. माणूस रस्त्यात अडकू नये, घरी पोचावा म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे. म्हणजे एकाच गिअरमध्ये अडकलेली, पण न घसरणारी गाडी असेल तर बहुतेक वेळा बॉक्स मेलेला नसतो, त्याला हुकूम पोचत नसतो. संशय आधी वायर, प्लग, बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग यांच्यावर घ्यायचा.

स्कॅनर नाही म्हणता, पण बिघाडाचे कोड वाचणारा, ब्लूटूथवर मोबाइलला जोडायचा छोटा रीडर आता ऑनलाइन सहज मिळतो. हा रीडर ज्या पद्धतीवर चालतो ते ओबीडी-टू (गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवायची ठरलेली पद्धत) आपल्याकडे १ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत तो चालेलच असं नाही, आणि काही स्वस्त रीडर फक्त इंजिनाचे कोड दाखवतात. पी-०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं तक्रार नोंदवली आहे. खरी तक्रार पुढच्या कोडमध्ये असते. पी-०७१५ असेल तर बॉक्समध्ये शिरणाऱ्या फेऱ्यांचा सेन्सर, पी-०७२० असेल तर बाहेर पडणाऱ्या फेऱ्यांचा. रीडर नसला तरी जुन्या होंडांमध्ये 'डी'चा दिवा आणि बऱ्याच जुन्या टोयोटांमध्ये 'ओ/डी ऑफ'चा दिवा लुकलुकून हीच खबर देतो. तो दिवा बघायला पैसे पडत नाहीत.

आता साडूंच्या गाडीबद्दल. गाडी आधीपासून घसरत होती, म्हणूनच तेल बदलायची वेळ आली, असं तुमच्याच लिहिण्यातून दिसतं. तेल काळं पडून जळका वास येत असेल तर क्लचचं अस्तर आधीच झिजून तेलात उतरलेलं असतं. नवं तेल ते अस्तर परत आणत नाही. मशीन लावून दाबानं फ्लश केला तर साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकण्याचीही भीती असते. मी सांगतो ते वेगळं आहे: चेंबरचा (बॉक्सच्या तळाशी तेल साठतं त्या भागाचा) बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढंच काढायचं. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं निघतं, कारण उरलेलं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागात, असतं. थोडी गाडी चालवून तेच पुन्हा करायचं. चेंबरमधल्या चुंबकावर राखेसारखा बारीक थर असला तर घाबरू नका. कपचे किंवा चमकत्या चकत्या निघाल्या तर मात्र बॉक्स खोलायची वेळ आली आहे, तिथं मी तुमच्याच बाजूनं आहे. गाडी खरोखर घसरत असताना ती चालवत राहू नये, हे तुमचं म्हणणंही अगदी बरोबर आहे.

भाच्याची गाडी बहुधा एएमटी असणार. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला हा प्रकार म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तसं असेल तर मी तेलाबद्दल लिहिलेलं तिला लागूच नाही.

तुमच्या गाडीकडे येतो. तिचं लक्षण फार बोलकं आहे: गरम झाल्यावरच, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाच. या बॉक्समध्ये दुसरा गिअर म्हणजे अंडरड्राइव्ह क्लच आणि सेकंड ब्रेक (ही बॉक्सच्या आतल्या, धरणाऱ्या-सोडणाऱ्या प्लेटांच्या संचांची नावं; पायाच्या ब्रेकशी संबंध नाही). तिसरा म्हणजे अंडरड्राइव्ह आणि ओव्हरड्राइव्ह क्लच. चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह आणि सेकंड ब्रेक. म्हणून दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सेकंड ब्रेकनं सोडायचं आणि ओव्हरड्राइव्हनं त्याच क्षणी धरायचं असतं. झटक्याच्या आधी आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा वर उडतो का, एवढं नीट बघा. उडत असेल तर ओव्हरड्राइव्ह उशिरा धरतो आहे: तेल कमी, तेल पातळ, नाहीतर सील कडक झालेलं. अशा वेळी चौथ्यात सपाट रस्त्यावर हलका जोर द्या. तिथंही काटा चढून वेग वाढत नसेल तर तो क्लचच झिजल्याचा संशय घ्या. चौथा घट्ट धरत असेल तर क्लचचं अस्तर बहुधा शाबूत आहे, दोष दाबाचा किंवा वेळेचा असावा. आणि काटा अजिबात न उडता नुसताच धक्का बसत असेल तर थ्रॉटलचा सेन्सर, तेलाच्या तापमानाचा सेन्सर, सोलेनॉइड आणि इंजिनाचे फाटलेले माउंटिंग रबर बघा. ब्रेक दाबून रेस करून बघायचा खेळ मात्र कुणालाही करू देऊ नका. एवढ्या जुन्या बॉक्सला तो सोसत नाही.

दुसरी गोष्ट गरमीची. बॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्याच आत असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर असतो, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतायची सवय घरोघरी आहे. त्या पाण्याचा खार आत धरतो, रेडिएटर चोंदतो, इंजिनाचा काटा अजून मध्यावर असतो तोवर गिअरचं तेल जास्त तापायला लागलेलं असतं. तापमान साधारण १०-११ अंशांनी वाढलं की या तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. कूलंट काढून बघा. त्यात पांढरा साका दिसला, तर तुमचा झटका गिअरबॉक्समध्ये नाही, बोअरच्या बादलीत सुरू झालेला आहे.

मॅन्युअल बॉक्स टाकायचा तर पेडल, शाफ्ट, माउंटिंग, वायरिंग, कॉम्प्युटर सगळंच बदलावं लागतं. एवढ्या खर्चात चांगल्या हातून हाच बॉक्स नीट होतो. तो निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला तरी काही बिघडत नाही.

आधी एवढं करा. गाडी अर्धा तास चालवून सपाट जागी उभी करा, इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवा, मग 'एन'मध्ये (न्यूट्रलमध्ये) पट्टी काढून 'हॉट'च्या खुणेवर तेल बघा. पांढऱ्या फडक्यावर एक थेंब टाकून उजेडात त्याचा रंग बघा. भरायचं असेल तर पुस्तिकेत लिहिलेलं एसपी-थ्रीच भरा, "सगळ्यांना चालतं" म्हणून मिळेल ते लाल तेल नको. वाटेत बंद पडलीच तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका; इंजिन बंद असलं की बॉक्सचा पंपही बंद असतो आणि आतले भाग कोरडे फिरतात. पुढची चाकं उचलून न्या. आरपीएमचा काटा काय करतो, थेंबाचा रंग काय, कूलंटमध्ये साका आहे का, या तीन गोष्टी इथंच खाली लिहा. त्यावरून पुढचा संशय कुणावर घ्यायचा ते मी सांगतो.