‘एसीत बसून लिहिता’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सडेतोड नाशिककर यांस,

पेट्रोलचा भाव बाजारापेक्षा सरकारच ठरवतं, असं मांडणाऱ्या ‘पेट्रोल महाग की सरकार महाग?’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गोषवारा देतो: “काका, एसीत बसून आकडे जुळवणं सोपं असतं. ८५ टक्के कच्चं तेल बाहेरून येतं, तेही डॉलर मोजून. २०१० पासून पेट्रोलचा भाव बाजार ठरवतो, सरकारचा संबंध काय? राज्याचा व्हॅट, आधीच्या सरकारचे ऑइल बाँड, इथेनॉल, यातलं काही दिसलं नाही. अजेंडा मात्र दिसला.”

शीर्षक भडक होतं, कबूल. ते बदलतो.

पण तुमचा सूर खटकला आणि ते बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही. अनोळखी माणसाला पहिल्याच शब्दात काका म्हणून कोपऱ्यात बसवायचं, शेवटच्या वाक्यात अजेंडा चिकटवायचा आणि स्वतः टोपणनावामागे उभं राहायचं, याला सडेतोड म्हणतात का? मी तुमच्या दारात आलो नव्हतो. लेख वाचायला तुम्ही आलात.

आता एसी. माझी उमेदीची वर्षं मनमाडजवळच्या पानेवाडीत, टँकरच्या धुरळ्यात गेली. मुंबईहून पाइपलाइनने तेल तिथल्या डेपोत येतं आणि टँकर ते नाशिकला आणि पार मराठवाड्यापर्यंत नेतात. परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग अशी बातमी अधूनमधून झळकते ना, तिच्या मुळाशी पानेवाडी ते परभणी हे अंतर असतं. एका ट्रान्सपोर्टरकडे मी या फेऱ्यांचा हिशेब बघायचो. हिशेब म्हणजे नुसती वही नव्हे. पंपावर टँकर लागला की तेल स्थिरावेपर्यंत थांबायचं, सील ताडून बघायचं, डिप रॉडच्या, म्हणजे तेलाची खोली मोजायच्या दांड्याच्या, टोकाला पाणी शोधायची पेस्ट फासून तो तळापर्यंत सोडायचा. पेस्टचा रंग बदलला की बोंबाबोंब. मग हायड्रोमीटरने घनता काढून चलनावरच्या आकड्याशी जुळवायची. हे सगळं मे महिन्याच्या उन्हात, हात टेकवला तर कातडी सोलून निघेल अशा पत्र्यावर चढून. तिथे कुठला एसी होता ते सांगा.

आणि ‘भाव बाजार ठरवतो’ हे वाक्य मला ऐकवता? जून २०१७ पर्यंत भाव महिन्याच्या १ आणि १६ तारखेच्या सुमारास बदलायचे. उतरणार अशी कुणकुण लागली की पंपवाले इंडेंट, म्हणजे डेपोकडची मागणी, आखडती टाकायचे, चढणार म्हटलं की टाक्या काठोकाठ भरून ठेवायचे. ही कुणकुण कशावरून लागायची? दुबईच्या कच्च्या तेलाचा भाव बघणारे होतेच. पण मुरलेले पंपवाले आधी विचारायचे, “आचारसंहिता कधी लागतेय?” रोजच्या रोज भाव बदलायला लागले म्हणून हा प्रश्न सुटला नाही.

कागदावर तुमचं वाक्य बरोबर आहे. पेट्रोल जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि १६ जून २०१७ पासून देशभर सकाळी सहाला नवा भाव लागू लागला. मग मे २०१८ मध्ये कर्नाटकच्या मतदानाआधी १९ दिवस हा बाजार झोपला होता का? त्यानंतरचं तर जगजाहीर आहे. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीपासून २२ मार्च २०२२ पर्यंत पंपावरचा भाव जागचा हलला नाही. मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, ब्रेंट तेल, म्हणजे जगात ज्याच्यावरून भाव पाहतात ते कच्चं तेल, पिंपाला १३० डॉलरच्या वर जाऊन आलं, आपल्याकडे मात्र उत्तर प्रदेश, पंजाबसह पाच राज्यांच्या निवडणुका चालल्या होत्या. १० मार्चला निकाल लागले, २२ ला दरवाढ सुरू झाली आणि सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपये चढले. पुढे १४ मार्च २०२४ ला २ रुपयांची कपात जाहीर झाली आणि १६ मार्चला लोकसभेच्या निवडणुकीच्या तारखा. याला बाजार म्हणायचं तर म्हणा बापडे. देशातले दहापैकी नऊएक पंप तीन सरकारी कंपन्यांचे आहेत, एवढं तरी म्हणण्याआधी लक्षात घ्या.

डॉलर वधारतो हे मलाही कळतं, त्यासाठी प्रतिक्रिया लिहायची गरज नव्हती. तुम्ही वगळलेलं तेवढं सांगतो. मे २०१४ मध्ये कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर होतं आणि केंद्राचं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, तेल त्याच्या निम्म्याच्याही खाली आलं. शुल्क? एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवून पेट्रोलचं ३२ रुपये ९८ पैशांवर नेलं. जगात तेल मातीमोल झालं त्याचा फायदा आमच्या लासलगाव-पिंपळगावहून कांदा भरून निघणाऱ्या ट्रकवाल्याला किती मिळाला, त्याला विचारून या. २०२१ आणि २०२२ मध्ये शुल्क दोनदा कमी केलं, हेही लिहितो, नाहीतर पुन्हा अजेंडा दिसेल.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. ऑइल बाँड, म्हणजे आधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी दिलेले कर्जरोखे, होते सुमारे १ लाख ३० हजार कोटींचे. २०२०-२१ या एकाच वर्षात पेट्रोल-डिझेलच्या शुल्कातून केंद्राकडे साडेतीन लाख कोटींच्या वर जमा झाले. भागाकार घरी करा. व्हॅटचं म्हणाल तर राज्य सरकार हे सरकार नाही का? २०१५ मध्ये दुष्काळ पडला, राज्याने पेट्रोलवर २ रुपये चढवले. एप्रिल २०१७ मध्ये हायवेलगतची दारूची दुकानं न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, तो खड्डा बुजवायला आणखी ३ रुपये. पिणारा दुसराच, भरणारा मात्र स्कूटरवाला! यातून तुमचा बाजार सिद्ध होतो की माझा मुद्दा, हे मी वाचकांवर सोडतो.

राहिला अजेंडा. २०१० साली पेट्रोल नियंत्रणमुक्त झालं तेव्हा याच विषयावर मी वर्तमानपत्राला चिडून पत्र लिहिलं होतं. तेव्हा दिल्लीत सरकार दुसरं होतं आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी मला नेमकं हेच ऐकवलं होतं.

इथेनॉलवर वेगळा लेख लिहितोय, कारण तिथे साखर कारखाने आणि गाडीचं मायलेज दोन्ही येतं. त्याखाली जरूर भांडा, पण नाव लिहून.