रत्नागिरी – जेवण, ४५ मिनिटं

आज सकाळी भाच्यानं फॅमिली ग्रुपवर गोवा ट्रिपचं वेळापत्रक टाकलं. एक्सेलमध्ये, रंगबिरंगी. त्यात एक ओळ: ‘रत्नागिरी – जेवण, ४५ मिनिटं’. खाली तिघांचे अंगठे, आणि एका जाऊबाईंचं, "बरं केलंस, तिथे बघण्यासारखं काही नाहीच."

माझा चहा गार झाला. ग्रुपवर बोलले तर आठवडाभर पुरेल, म्हणून इथे लिहितेय. (जाऊबाई फेसबुकवर नाहीत.)

गेल्या डिसेंबरात आम्हीही गोव्यालाच निघालो होतो. मी, नवरा आणि सासूबाई. आंबा घाट उतरून रात्री रत्नागिरीत थांबलो आणि सकाळी गाडी चालूच होईना. बॅटरी. मेकॅनिक म्हणाला, संध्याकाळी बघू. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, ते रत्नागिरीचं पहिलं प्रेक्षणीय स्थळ. मग केली रिक्षा दिवसभरासाठी.

एका गावाला दोन रंगांचे समुद्र असतात हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र, मांडवीला काळी वाळू. लोक नावंही तशीच घेतात, काळा समुद्र, पांढरा समुद्र, जसे काही दोन भाऊच. सासूबाईंनी पर्समधल्या मुखवासाच्या दोन डब्या रिकाम्या केल्या (मुखवास आम्ही तिथल्या तिथे खाल्ला) आणि दोन्हीकडची वाळू भरून घेतली. मग झाडगावचं मत्स्यालय. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. सासूबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि तिथल्या माणसाला अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "याचं तेरावं केलं का कोणी?" तो बिचारा कागद चाळायला लागला.

आणि मग थिबा राजवाडा.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, याला बायका-मुलींसकट उचललं, आधी मद्रासला आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. का, तर इथून पळून जाणार कुठे? आपला बहादूरशहा त्यांनी रंगूनला नेऊन ठेवला होता, तो तिथेच १८६२मध्ये गेला. फिट्टंफाट! राजवाडा बांधून मिळेपर्यंत १९१० उजाडलं. म्हणजे चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत, आणि या वाड्यात जेमतेम सहा. १९१६मध्ये थिबा इथेच मेला. राणी सुपयालत मात्र १९१९मध्ये रंगूनला परत जाऊ शकली.

हे सगळं मी मोबाईलवरून मोठ्यांदा वाचत होते. नवरा बॅटरीवाल्याला फोन लावत होता. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, गुडघे चोळत, समोर खाली भाट्याची खाडी. आणि एकदम म्हणाल्या, "एवढं मोठ्ठं घर बांधून देल्लं, पण माहेरी काई जाऊ देल्लं नाई."

पुण्यात पन्नास वर्षं काढूनही बाईंची वऱ्हाडी जरा मन हललं की अशी वर येते.

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर तीन वर्षं त्यांना माहेरी पाठवलंच नव्हतं. सासरच्यांचं काहीतरी मानापानाचं बिनसलं होतं. पहिल्यांदा गेल्या तेव्हा धाकटा भाऊ ओळखेना. बावीस वर्षं मी या बाईंच्या घरात राहतेय, एका ओट्यावर स्वयंपाक करतेय, आणि हे मला माहीत नव्हतं. ते कळायला ब्रह्मदेशाचा राजा मध्ये यावा लागला.

आता ४५ मिनिटांत काय होणार आहे? सुरमई येईपर्यंतच वीस जातात!

मान्य, राजवाडा काही म्हैसूरचा नाही. खोल्या उदास आहेत आणि नवरा वीस मिनिटांत कंटाळला होता. असेल. पण सगळं गाव चकाचक करून, ‘आय लव्ह अमुकतमुक’ची लाल अक्षरं लावून फोटोसाठी मांडून ठेवलं म्हणजेच ते बघण्यासारखं का? तुम्ही लोक गोव्याला जाऊन करता काय तर वाळूत खुर्च्या टाकून मोबाईल बघता. तो पुण्यात गच्चीवर बसूनही बघता येतो, टोल वाचेल.

(जरा जास्तच बोलले. भाचा चांगला आहे हो. गाडीही नीट चालवतो.)

दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून उक्षीला गेलो. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कोरलेला भला मोठा हत्ती. कोणी कोरला, माहीत नाही. कोकणातल्या दुसऱ्या सड्यांवर तर गेंडासुद्धा आहे म्हणतात, आता आणा गेंडा कोकणात! ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही तिघं आणि एक कुत्रा. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, पण हत्तीबद्दल एक शब्द नाही. परत येताना गाडीत म्हणाल्या, "तिच्या लेकीईचं काय झालं गं मंग?" मला कळायला वेळ लागला. राणीच्या मुली. थोरली राजकन्या रत्नागिरीतच एका नोकराच्या प्रेमात पडली, तिची मुलगी टुटू इथेच मराठी बोलत, गरिबीत म्हातारी झाली, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर सावंतवाडीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

गोव्यात काय केलं ते मला खरंच आठवत नाही. वाळूच्या डब्या मात्र देवघराच्या खालच्या फळीवर आहेत. पुसताना कोणती कुठली ते मी विसरते, मग ओरडा खाते.

हे लिहिता लिहिता ग्रुपवर टिंग वाजलं. सासूबाई तिथे फक्त सुप्रभातची फुलं टाकतात. आज व्हॉइस मेसेज आहे: "थिबाच्या घरी जाऊन येजो. आजीनं पाठवलं म्हणून सांगजो."

खाली भाच्याचं उत्तर: "आजी, कोण थिबा? तुझी मैत्रीण?"