रोही आमच्याही तुरीत येतो, भाऊ

नमस्कार भाऊ,

मी काढतो त्या 'रोहीभाऊ'च्या चित्रांखाली तुम्ही लिहिलेलं दोन दिवसांत चार-पाच वेळा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की रोही, म्हणजे नीलगाय, तुमची उभी तूर रातोरात फस्त करतो आणि मी त्याच्या गळ्यात शेला घालून, हातात काठी देऊन त्याला 'भाऊ' म्हणतो. ज्याला रात्री पीक राखायला जागलीला जावं लागत नाही त्यालाच हे सुचतं. जनावराला दोन पायांवर उभं करून बोलायला लावणं ही परदेशी कार्टूनची नक्कल आहे, असंही तुम्ही म्हणता. त्याला तीनच बोटं कशी, हेही विचारलंत. आणि पंचनाम्याच्या चित्रात मी शेतकऱ्यालाच हसलो, ही तुमची शेवटची तक्रार. ती मला सगळ्यात जास्त लागली. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी जागलीचं. आमचं वावर साडेतीन एकर, गावापासून दीड किलोमीटरवर, नाल्याला लागून. नाल्यापलीकडे झुडपी जंगल आहे. कपाशीत तुरीच्या ओळी असतात, तुमच्याकडेही असतीलच. दहावीत असल्यापासून मी वडिलांसोबत जागलीला जातो. आता तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण तूर फुलावर आली की रात्री मी वावरातच असतो. डबा वाजवून, सुतळी बॉम्ब फोडून, बॅटरी मारून सगळं झालं आहे. कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं मशीन घेण्याइतके पैसे नव्हते तेव्हा घरातल्या जुन्या साड्या फाडून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चारी बाजूंनी बांधल्या. आमच्याकडे निम्म्या वावरांना असंच रंगीबेरंगी कुंपण दिसतं.

रोहीभाऊ त्या कुंपणातूनच आला. चार वर्षांपूर्वीची मार्गशीर्षातली गोष्ट. पहाटे थंडीनं बोटं वळत नव्हती आणि शेकोटीही विझत आली होती. उजाडता उजाडता नाल्याच्या बाजूनं तुरीत खसखस ऐकू आली म्हणून मी उठलो. पंधरा-वीस पावलांवर एक मोठा नर उभा होता. खांद्याशी माझ्या छातीपर्यंत उंच, अंगाचा रंग पाटीसारखा निळा-करडा. कुंपण तोडून आत येताना साडीची एक लांब पट्टी त्याच्या आखूड शिंगात अडकली होती आणि मानेवरून खाली छातीवर लोंबत होती. हिरवी पट्टी, पिवळे काठ. तोंडात तुरीचा शेंडा, फुलांसकट. तो पळाला नाही. चावत चावत माझ्याकडे बघत राहिला. एखाद्या लग्नात मानाचा पाहुणा शेला घालून पंगतीत बसावा आणि आपण वाढायला उशीर केला म्हणून आपल्याकडे बघावं, तसं ते बघणं होतं. मागून आई डबा घेऊन येत होती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "पाह्य, माह्यं लुगडं घालून फिरून राह्यला थो!" तिच्या आवाजात राग होता, पण ती त्याला जनावर म्हणून बोलत नव्हती. घरात न विचारता शिरलेल्या दीराला बोलावं तशी बोलत होती.

त्या सकाळी हाताशी वडिलांची मजुरांच्या हजेरीची वही होती आणि निळा बॉलपेन. निंदणाच्या मजुरीच्या आकड्यांशेजारी मी त्याला काढलं. निळ्या पेनमुळे रंग आपोआप बरोबर आला. पहिल्या चित्रात तो चार पायांवरच होता. पण शेला घातलेला प्राणी चार पायांवर काढला की तो सर्कशीतला वाटतो. त्याला कुणीतरी शेला घातला आहे असं दिसतं. मला हवं होतं की तो स्वतः घालून आला आहे असं दिसावं. म्हणून तो उभा राहिला.

आता बोटांचं. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला खरंच आनंद झाला, कारण याच एका गोष्टीवर माझे दोन महिने गेले. मी इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा दिली आहे, त्यापुढे शिकलो नाही. जे कळलं ते काढून काढून कळलं. आधी मी त्याला माणसाचे हात दिले होते, पाच बोटांचे. ते चित्र बघवत नव्हतं. रोह्याचा मुखवटा लावलेला माणूस वाटत होता. मग मी नाल्याकाठच्या ओल्या मातीतले त्याचे माग बघायला लागलो. खूर दुभंगलेला असतो, हे आपल्या बैलाचं बघून आपल्याला माहीतच आहे. पण त्याच्या मागे, थोडे वर, दोन लहान खूर असतात, जे कोरड्या जमिनीला सहसा टेकत नाहीत. चिखलात पाय खोल गेला की त्यांचे ठसे उमटतात. त्यातला एक मी अंगठा केला. खुराचे दोन भाग आणि हा अंगठा, अशी तीन. या हातानं तो काठी धरू शकतो, तुरीची शेंग सोलू शकतो, पण लिहू शकत नाही. पंचनाम्याच्या चित्रात तो अंगठाच का उठवतो, त्याचं कारण हे होतं.

त्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा उंच असतात, पाठ मागे उतरती असते. त्यामुळे उभा केल्यावर तो थोडा पुढे वाकलेला दिसतो, लांब हात लोंबणारा. ते मी सरळ केलं नाही. गळ्याखालचा पांढरा डाग आणि केसांचा झुबका तसाच ठेवला. पायांवरची पांढरी वळी त्याची स्वतःचीच आहेत, मी तोडे घातलेले नाहीत. मादीला शिंगं नसतात आणि ती निळी नसते, तांबूस-पिवळट असते, म्हणून चित्रांतली त्याची बायको, म्हणजे वहिनी, तशी आहे. कपड्यांमध्ये त्या एका पट्टीपलीकडे मी त्याला काहीही दिलं नाही.

नक्कल म्हणाल तर, लहानपणी दूरदर्शनवर मीही परदेशी कार्टून बघितली आणि त्यांच्यापासून शिकलो, हे लपवायचं कारण नाही. मिकी माउस १९२८ साली पडद्यावर आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या हातात पांढरे मोजे आले, कारण काळ्या अंगापुढे काळे हात दिसत नव्हते. आत चारच बोटं, कारण हजारो चित्रं हातानं काढायची तर एक बोट कमी म्हणजे केवढं काम वाचतं. हे वाचल्यावर मला धीर आला, की हातांची अडचण त्यांनाही होती आणि त्यांनी आपल्या गरजेतून उत्तर काढलं. मी माझं उत्तर नाल्याच्या चिखलातून काढलं.

पण जनावराला माणसासारखं वागवणं परदेशातून आलं, हे मात्र मला मान्य नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलाचे खांदे शेकता ना? हळद-लोणी लावून, पळसाच्या पानानं. आणि त्याच्या कानाशी काय म्हणता? "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बैलाला आपण आमंत्रण देतो, तेही आदरार्थी बोलून. दुसऱ्या दिवशी त्याला झूल घालतो, शिंगं रंगवतो, बाशिंग बांधतो, पुरणपोळी भरवतो. त्याच्या पुढच्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातली नृसिंहाची मंदिरं आहेत, पाचव्या शतकातली. शाळेच्या सहलीत मी ती मूर्ती पहिल्यांदा पाहिली. बसणं माणसाचं, तोंड सिंहाचं, आणि मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते सापडत नाही. देवाशी माझ्या चित्राची बरोबरी करत नाही. पण मान आणि खांदा कसा जोडायचा हे मला अडलं तेव्हा ती मूर्ती आठवली आणि मी पुन्हा रामटेकला गेलो.

राहिला 'भाऊ'. नाव नीलगाय असलं तरी तो गाय नाही, हरणासारखा कुरंग आहे, आशियातला सगळ्यात मोठा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मनात आलं म्हणून त्याला मारता येत नाही, आणि नुकसान तर होतंच. म्हणजे तो धुऱ्यापलीकडे राहणारच आणि आपण अलीकडे. जन्मभर ज्याच्याशी धुऱ्यावरून भांडायचं आहे त्याला आपल्याकडे भाऊच म्हणतात. भाऊबंदकी हा शब्द उगीच नाही झाला. लाडानं मी त्याला भाऊ म्हटलेलं नाही.

आता पंचनाम्याचं चित्र. त्यात रोहीभाऊ बाजेवर पंच म्हणून बसला आहे आणि शेतकरी समोर हात जोडून उभा आहे. गेल्या वर्षी वडील नुकसानभरपाईसाठी एका कार्यालयात गेले. तिथे त्यांना म्हणाले, फोटोत जनावर स्पष्ट दिसत नाही. रात्री दोन वाजता काढलेला फोटो होता तो. वडील परत आले, सायकल भिंतीला लावली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. तो राग मला कागदावर आणायचा होता. पण चित्र करताना मी शेतकरी बारका काढला, पायजमा ढिला काढला आणि त्याला मागून दाखवलं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी त्या चित्राखालचं सगळं पुन्हा वाचलं. लोक कागदपत्रांना हसलेच नाहीत, त्या पायजम्याला हसले. तुम्ही बरोबर आहात. ते चित्र मी काल काढून टाकलं.

मग मी सुरुवातीपासूनची सगळी चित्रं काढून बसलो. एकाही चित्रात शेतकऱ्याला चेहरा नाही. कुठे पाठ, कुठे डोक्याला बांधलेला दुपट्टा, कुठे नुसती बॅटरी धरलेला हात. रोह्याच्या पापण्यासुद्धा मी मोजून काढल्या आहेत, आणि ज्याची तूर गेली त्याचे डोळे कुठेच नाहीत. कारण मला माहीत आहे. तो शेतकरी काढायला घेतला की वडिलांचाच चेहरा येतो, आणि सायकल लावून आत आले तेव्हाचा तो चेहरा काढायला माझा हात धजत नाही.

काल रात्री दुकान बंद केल्यावर बसलो. कपाळ आणि भुवया जमल्या आहेत, तोंड अजून जमलेलं नाही. दात नसल्यामुळे त्यांचा खालचा ओठ थोडा आत जातो, तो काढला की हसल्यासारखा दिसतो, आणि तसा दिसायला नको आहे. ते जमलं की पंचनाम्याचं चित्र पुन्हा काढीन. रोहीभाऊ तिथेच असेल, बाजेवर. वडील या वेळी समोरून दिसतील. लावलं की आधी तुम्ही बघा आणि काय वाटलं ते इथेच लिहा, याच शब्दांत.