जेकार्डची जुनी कार्डं रद्दीत घालण्याआधी

पंच म्हटलं की कुणाला बॉक्सिंग आठवतं, कुणाला ऑफिसातली हजेरी. सोलापूरच्या पूर्व भागात पंचिंग म्हणजे चादरीच्या नक्षीसाठी जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडणं. मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्ड यंत्राला कुठला धागा उचलायचा, हे ही कार्डं सांगतात. कार्डांशिवाय चालणारं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं की या कार्डांचे गठ्ठे किलोच्या भावानं रद्दीत जातात. हे थांबायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक कार्ड म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. भोक असेल तिथं सुई आत शिरते, हूक सरळ राहतो, वर जाणारी पाती त्याला उचलते आणि ताण्याचा उभा धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते, हूक पातीवरून सुटतो आणि धागा खालीच राहतो. इंचाला 40 बाणे आणि मोराच्या नक्षीची उंची 12 इंच धरली, तर 480 कार्डं लागतात. 400 हुकांवर हिशोब केला तर एका मोरामागं 1,92,000 जागा, आणि प्रत्येक जागी भोक पाडायचं की नाही हे नक्षीचा चौकटींचा ग्राफ वाचून ठरवलेलं. ही मेहनत रद्दीच्या वजनात मोजायची?

दोष ओळखायलाही कार्ड समजावं लागतं. नक्षीच्या प्रत्येक फेरीत त्याच बाण्यावर चूक येत असेल तर कार्ड तपासा: भोकात कापसाची तूस अडकली असेल, नाहीतर कडा फाटली असेल. जादा भोक पडलं असेल तर कागदाचा तुकडा चिकटवून बुजवतात, राहिलेलं भोक हातपंचानं पाडतात. एकच उभा धागा सगळ्या चादरभर बिघडत असेल तर कार्डाला दोष देऊ नका, सुई, हूक नाहीतर हुकाला धागा जोडणारी दोरी बघा. पावसाळ्यात दमट हवेनं कार्ड फुगतं, भोकं सुयांसमोरून सरकतात. हा बिघाड फार चकवतो.

जपायचं कसं? कार्डं ज्या दोरीनं एकमेकांना बांधलेली असतात ती कापू नका, क्रम तिच्यातच आहे. पहिल्या कार्डावर खूण करा, सुयांकडची बाजू लिहून ठेवा. बाजू उलटली की मोराचं तोंड उलट्या दिशेला होतं. सोबत हुकांची संख्या आणि इंचाला किती बाणे, हे लिहा. मग काळ्या कापडावर ठेवून एकेका कार्डाचा वरून सरळ फोटो काढा. ग्राफ हरवला असला तरी या फोटोंवरून तो पुन्हा मांडता येतो आणि तीच नक्षी इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर चढवता येते. पंचिंग करणारे जुने कारागीर अजून आहेत तोवर प्रत्येक गठ्ठ्यावर नक्षीचं नाव त्यांच्याकडून लिहून घ्या.